अर्थिंग

विजेची स्कूटर घरी आली त्या संध्याकाळी तिला झेंडूचा हार घातला, पुढे कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू चिरडलं, शेजारी पेढे वाटले. हे सगळं तिने निमूट करून घेतलं. मग मी चार्जर लावला आणि ती अडून बसली. चार्जरवरचा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला आणि फोनवर निरोप आला : अर्थिंग सापडत नाही.

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. वाहनांचे वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या भोसरीतल्या एका कारखान्यात मी एकोणतीस वर्षं क्वालिटीत काढली. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातला वायरींचा जुडगा. वरून टेप गुंडाळलेली, टोकाटोकाला कनेक्टर. कुठली पिन सैल बसली आहे हे मला डोळे मिटून, नुसतं ओढून कळायचं. नव्याने लागलेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, की लाइट मंद आहे, हॉर्न घोगरा वाजतोय, इंडिकेटर वेडावाकडा मिचकतोय, तक्रार कुठलीही येऊ दे, आधी अर्थ बघा. आणि ज्या घरात मी चोवीस वर्षं राहते, त्या घराची अर्थ मी एकदाही बघितली नव्हती.

आता खरं तर गाडीची अर्थ जमिनीत जातच नाही. स्कूटरमध्ये आम्ही ज्याला अर्थ म्हणायचो ती म्हणजे तिचाच लोखंडी सांगाडा. बॅटरीचं एक टोक चासीला बांधलं की झालं. खाली रबराचे टायर, त्यामुळे गाडी आपली आपल्यातच पुरी. पण विजेची गाडी रात्री भिंतीतल्या प्लगला जोडली, की तिला तिसऱ्या पिनेतून खरीखुरी माती लागते. चार्जरमध्ये कुठे गळती झालीच, तर विजेने माणसातून न जाता मातीत जावं म्हणून. माती नाही लागली तर माझ्या गाडीचा चार्जर चालूच होत नाही.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसणारा मुलगा. त्याने होल्डरला दोन वायरी लावल्या, बल्ब बसवला. एक वायर फेजला, एक न्यूट्रलला : बल्ब लागला. न्यूट्रलमधली काढून वरच्या मोठ्या भोकात घातली : बल्ब ढिम्म. ‘ताई, तिसऱ्या पिनेला वायर आहे,’ तो म्हणाला, ‘पण ती खाली कुठे पोचतच नाही.’ मग त्याने मला डॉक्टर विचारतात तसं विचारलं, ‘वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात का?’

येतात की. म्हणून तर मशीनपाशी कायम रबरी स्लिपर ठेवलेली असते. खालच्या मजल्यावर विचारलं, त्यांच्याकडेही स्लिपर. समोरच्यांनी फ्रिजपुढे पायपुसणं टाकलंय, ते का टाकलंय ते त्यांनाही आठवत नव्हतं. बारा बिऱ्हाडांची आमची इमारत १९८६ सालची. इतकी वर्षं सगळ्यांना थोडा थोडा करंट बसत होता आणि सगळ्यांनी आपापल्या परीने चपला शोधल्या होत्या. तक्रार करणारी पहिली ही स्कूटर. तिच्या पोटात सिमकार्ड, डोक्यावर उपग्रह, कानाशी ब्लूटूथ. पहिल्याच रात्री ती कुठल्या कुठल्या टॉवरशी बोलून मोकळी झाली होती, फक्त पायाखालची जमीन तिला सापडत नव्हती.

सोसायटीची सभा गच्चीवर झाली. माझी अपेक्षा होती की नवं अर्थिंग आणि जिन्याखालचं चार्जिंग हा विषय पाच मिनिटांत संपेल. तो तीन सभा चालला. दुसऱ्या मजल्यावरचे काका विरोधात होते. वय ऐंशीच्या आसपास, गुडघे गेलेले, आवाज मात्र जिन्याच्या तळापासून गच्चीपर्यंत जाईल असा. त्यांनी फोनवर एक व्हिडिओ काढून सगळ्यांना दाखवला. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच, लोहगाव भागात, रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली होती, त्याचा. ‘ही जिन्याखाली पेटली तर आम्ही उतरायचं कुठून?’

मी तयारीनिशी गेले होते. त्या उन्हाळ्यातल्या आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कसे कडक झाले, बॅटरीतलं पहारेकरी सर्किट सेलचं तापमान कसं बघत असतं, सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ते ठीक आहे. पण जिना एकच आहे.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिना एकच आहे हे खरं होतं. ज्याला आपण अडाणी भीती समजतो तिच्यात पुष्कळदा इमारतीचा नकाशा असतो, आणि तो माझ्यापेक्षा काकांना जास्त ठाऊक होता. शेवटी ठरलं ते असं : चार्जिंग जिन्याखाली नाही, कंपाउंडच्या भिंतीला, वर छोटी पत्र्याची पडवी काढून. गळती झाली की तत्क्षणी तोडणारा ब्रेकर लावायचा. लाइन आणि सबमीटर माझ्या खर्चाने, अर्थिंगचा खड्डा सोसायटीच्या, कारण मुंग्या सगळ्यांनाच येत होत्या. केंद्र सरकारने २०१९ मध्ये आदर्श इमारत नियमावलीत दुरुस्ती करून नव्या इमारतींच्या पार्किंगमध्ये वीस टक्के जागा विजेच्या गाड्यांना धरायला सांगितलं आहे. आमच्यासारख्या जुन्या इमारतींना हा नियम शिवतही नाही. तिथे सगळं गच्चीवर ठरतं.

जुना खड्डा कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. काका सोडून. ते पहिले सेक्रेटरी. पारिजातकापासून चार पावलांवर त्यांनी काठी टेकली, ‘इथे उकरा.’ पेव्हर ब्लॉक काढले, तर खाली सिमेंटने बुजलेलं पाइपाचं तोंड. कधीतरी अंगण गुळगुळीत करण्याच्या उत्साहात आम्हीच ते बंद केलं असणार. मी त्या कमिटीवर होते का, हे मी वहीत बघितलेलं नाही.

नवा खड्डा पुरुषभर खोल निघाला, त्याहूनही थोडा जास्तच. तळाशी तांब्याची प्लेट उभी ठेवली, तिला जाड पट्टी जोडून वर आणली, मग कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. लोणच्याची बरणी भरावी तसे थर. मधोमध भोकाभोकांचा पाइप, त्याच्या तोंडावर नसराळं आणि वर लोखंडी झाकण. पाइप कशाला, तर पाणी घालायला. माती ओली असली तरच वीज आत घेते. कोरडी पडली की खड्डा नुसता नावाला. इलेक्ट्रिशियन मुलाने यंत्राने रीडिंग घेतलं, समाधानाने मान हलवली. त्या रात्री माझ्या चार्जरचा दिवा हिरवा झाला, आणि सकाळी पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून सांगितलं, ‘अहो, मशीनचा करंट गेला!’

मी हे एवढं पाल्हाळ लावलं, कारण या छोट्या गाड्यांबद्दल जे जे वाचायला मिळतं त्यात शहर कायम नवंकोरं असतं. २०१० सालच्या शांघायच्या जागतिक प्रदर्शनाला आमच्या डिझाइन विभागाचे एक साहेब गेले होते. परत आल्यावर कँटीनमध्ये त्यांनी फोटो दाखवले. जनरल मोटर्स आणि तिची चिनी भागीदार साइक यांनी मिळून २०३० सालचं शहर मांडलं होतं आणि त्यात फिरायला ईएन-व्ही नावाची गाडी केली होती. दोन माणसांची. लांबी दीड मीटर, वजन पाचशे किलोच्या आत, एका चार्जमध्ये चाळीस किलोमीटर. चाकं दोनच, आणि तीही सायकलसारखी पुढेमागे नाहीत, टांग्यासारखी शेजारीशेजारी. घोडा नसलेला टांगा पडत का नाही, तर आतले सेन्सर आणि मोटर तिला सतत तोलून धरतात. तीन प्रकार होते, जियाओ, म्याओ आणि शियाओ : अभिमान, जादू आणि हसू. कँटीनमध्ये ‘म्याओ’वर जे व्हायचे ते विनोद झाले.

त्या गाडीतली कल्पना मात्र मला तेव्हाही पटली होती. गाड्या एकमेकींशी बोलतील, म्हणून धडकणार नाहीत. धडकणार नाहीत, म्हणून त्यांना लोखंडाचं चिलखत नको. चिलखत नको, म्हणून हलक्या. हलक्या, म्हणून छोटी बॅटरी पुरते. आणि एका मोटारीच्या पार्किंगमध्ये त्या पाच मावतील. सगळं त्या पहिल्या ‘बोलतील’वर उभं. माझ्या मनात आलं, आमच्याकडच्या गाड्या बोलतातच की.

पुण्यात दुचाकी चालवलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. साइड स्टँड तसाच राहिला असेल, तर दहा सेकंदांत कोणीतरी अनोळखी माणूस शेजारी गाडी आणून ‘स्टँड! स्टँड!’ म्हणून ओरडतो आणि आभाराची वाट न बघता पुढे निघून जातो. ओढणी चाकाकडे लोंबत असेल तर मागून हॉर्नची एक वेगळी, काळजीची लय येते. भरदिवसा हेडलाइट चालू राहिला, तर समोरून येणारा हात वर करून बोटं उघडमीट करून दाखवायचा. ही खूण कोणी शिकवली नव्हती, ती लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी आपोआप सगळ्यांना येत होती. कशाचीही नोंद होत नव्हती. आपण कोण, कुठे निघालो, हे विचारलं जात नव्हतं. फक्त तुमची ओढणी.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालूच राहील असा नियम आला आणि ती बोटांची खूण हळूहळू मेली. आता कोणी केली तर तरुण मुलांना वाटतं, पुढे पोलीस उभे आहेत. माझ्या नव्या स्कूटरचा स्टँड खाली असला तर मोटर सुरूच होत नाही, म्हणजे ‘स्टँड!’ची हाकही संपली. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच झालं, यात वाद नाही. हाकेवर कोणी विसंबून राहू नये. पण एखाद्या दिवशी मी मुद्दाम जुनी पेट्रोलची गाडी घेऊन निघते, हे मी अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही.

छोटेपणाची गोष्ट वेगळी. तिला शांघायपर्यंत जायची गरज नव्हती. अर्थिंगचं काम चालू होतं तेव्हा काका खुर्ची टाकून देखरेखीला बसायचे आणि त्यांच्या लुनाच्या गोष्टी सांगायचे. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली आणलेली, पन्नास सीसीची. काका तेव्हा सदाशिव पेठेत वाड्यात राहत. वाड्याच्या दिंडी दरवाजाला गुडघाभर उंबरा. शेजाऱ्याची स्कूटर बाहेर गल्लीत झोपायची, काकांची लुना मात्र एक हात सीटखाली, एक हँडलला, असं करून उंबरा ओलांडून आत यायची आणि हौदाशेजारी उभी राहायची. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी. ‘गाडी आपल्याला न्यायला नसते नुसती,’ काका म्हणाले, ‘वेळ आली तर आपल्याला तिला नेता आलं पाहिजे.’

हे वाक्य मी माझ्या स्कूटरला लावून बघितलं. वजन एकशे दहा किलोच्या वर. उंबरा सोडाच, वीज संपली तर चढावर मी तिला दहा फूटही ढकलू शकणार नाही. जुन्या बजाज स्कूटरला निदान एका कुशीवर वाकवून टाकीतलं शेवटचं पेट्रोल उतरवता यायचं. रिझर्व्हही संपल्यावर रस्त्यात स्कूटर आडवी करणारे वडील हे आमच्या पिढीचं एक सामाईक चित्र आहे. विजेच्या गाडीला वाकवून काही गळत नाही. यावर एक उपाय निघाला होता खरा. बंगळुरात चेतन मैनी यांची रेवा ही विजेची छोटी मोटार २००१ मध्ये रस्त्यावर आली. लांबी अडीच मीटरच्या थोडी पुढे, पोटात शिशाच्या आठ बॅटऱ्या. आपल्याकडे तिला बघून लोक हसले. लंडनला तीच गाडी जी-विझ नावाने गेली आणि तिथे शहराच्या मध्यात शिरण्याचा कर विजेच्या गाडीला माफ होता म्हणून खपली. पुढे ती कंपनी महिंद्रांनी घेतली आणि २०१३ मध्ये तिचा पुढचा अवतार आला, ई-टू-ओ. त्यात अशी सोय होती, की वीज संपत आली तर केंद्राला कळवायचं, मग ते दुरूनच राखीव चार्ज मोकळा करायचे आणि त्यावर आणखी काही किलोमीटर जाता यायचं. म्हणजे तो चार्ज तुमच्याच बॅटरीत होता, तुम्हीच भरलेला. फक्त किल्ली दुसऱ्याकडे. हे वाचून मला सासूबाईंच्या कमरेच्या जुडग्याची आठवण झाली.

चार चाकांची, टपाची छोटी गाडी मी का घेतली नाही, असं मला पावसाळ्यात दर वर्षी विचारलं जातं. आकुर्डीच्या बजाजने पुढे क्यूट नाव पडलेली चारचाकी २०१२ मध्येच दाखवली होती, पावणेतीन मीटर लांब, पेट्रोलची. पण तिला मोटार म्हणायचं की रिक्षा, हा घोळ मिटून ती खासगी वापराला मोकळी व्हायला २०१८ उजाडलं. आता पुण्यातल्याच एका कंपनीने ईव्हा नावाची तीन चाकांची, छतावर सौर पट्टी असलेली छोटी गाडी दाखवली आहे. बघू. माझं गणित साधं आहे. आमच्या पार्किंगमध्ये पाच मोटारी उभ्या असतात आणि बहुतेक दिवस उभ्याच असतात. पुण्यात वाहनं माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी २०१८ मध्येच येऊन गेली. माझी स्कूटर दोन कुंड्यांमधल्या जागेत मावते, यासाठी मी तिला सगळं माफ करते.

सगळं म्हणजे जवळजवळ सगळं. गाडी घेताना अॅपचं खातं मुलीने उघडून दिलं. ती बंगळुरात असते आणि मला ओटीपीचा कंटाळा आहे, म्हणून खातं तिच्याच नावाने. मला वाटलं, कागदपत्रांची सोय. चार महिन्यांनी एका रविवारी फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, ‘आई, तू दर मंगळवारी हॉस्पिटलला का जातेस? तुला काय झालंय?’ तिचा आवाज बदललेला होता. तिने काही दिवस धीर धरून वाट पाहिली होती, मी आपणहून सांगेन म्हणून.

मला काहीच झालं नव्हतं. माझी कारखान्यातली मैत्रीण केमो घेत होती आणि तिने हे भावापासूनसुद्धा लपवलं होतं. मंगळवारी चार तास मी तिच्याशेजारी बसायचे, कधी विणकाम घेऊन, कधी नुसती. कोणाला सांगणार नाही असं मी तिला कबूल केलं होतं आणि मी सांगितलंही नव्हतं. माझ्या गाडीला कोणी शपथ घातली नव्हती. मुलीला धीर द्यायचा तर मैत्रिणीचं गुपित फोडावं लागत होतं, गुपित ठेवायचं तर मुलीला काळजीत ठेवावं लागत होतं. शेवटी मी मुलीला नाव न घेता सांगितलं. तिने अर्थातच ओळखलं. त्या मंगळवारपासून मी रिक्षाने जायला लागले. हॉस्पिटलच्या दारात विजेची गाडी फुकट चार्ज होते आणि मी दीडशे रुपये देऊन रिक्षातून उतरते, हे बघून मैत्रीण हसली. तेव्हा तिला हसू येत होतं हेच पुष्कळ होतं. रिक्षाने येण्याचं कारण मी तिला सांगितलं नाही.

मी मुलीला म्हटलं, गाडी कुठे जाते ते अॅपवर मला दिसतं तसं तुला दिसायला नको, ते बंद कर. ती म्हणाली, करते. तिने केलं नाही, आणि मीही परत विचारलं नाही, याला एक कारण घडलं.

पुण्याच्या पेठांमध्ये सम-विषम तारखेचं पार्किंग असतं. गल्लीच्या एका बाजूला पी-वनची पाटी, दुसऱ्या बाजूला पी-टूची. विषम तारखेला एका बाजूला लावायची, सम तारखेला दुसऱ्या. कुठली पाटी कधी लावायला सांगते आणि कधी मनाई करते, हे इतक्या वर्षांत मला पाठ झालेलं नाही. आधीच्या गाड्या ज्या बाजूला, त्या बाजूला मी. लक्ष्मी रोडला कुंटे चौकाजवळच्या एका गल्लीत मी ब्लाउज शिवायला टाकले होते. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी गेले, गाडी डावीकडे लावली, ब्लाउज तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले. दुकानं उघडत होती, गल्ली रिकामी. काल डावीकडे होती, म्हणजे आज उजवीकडे. सरळ हिशेब. एकतीस तारीख विषम आणि एक तारीखही विषमच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. वर्षातून निदान सात वेळा पुण्यात हा सापळा आपोआप लागतो आणि टोइंगवाल्यांना तो कॅलेंडरसकट पाठ असणार.

बाह्यांच्या लांबीवरून शिंप्याशी माझं चाललेलं असताना फोन थरथरला : गाडी हलवली जात आहे. पाठोपाठ बंगळुरूहून मुलगी. ‘आई, गाडी चोरीला चालली आहे!’

मी गल्लीत आले तर गाडी नाही. फोनमध्ये नकाशा उघडला. निळा ठिपका लक्ष्मी रोडला लागला होता आणि अलका टॉकीजच्या दिशेने सरकत होता. मी हातात अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घेऊन चालायला लागले. मुलगी ऑफिसमधून, आठशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून, मला लक्ष्मी रोड सांगत होती. ‘आता थांबली. निघाली. नाही, थांबली. आई, पळ!’ पळायची गरजच नव्हती. पुढे बस अडकली होती, बसच्या पुढे साड्यांचे गठ्ठे उतरवणारा टेम्पो, टेम्पोच्या पुढे लग्नाच्या खरेदीला आलेली मोटार, जिच्या चारही दारांतून एकाच वेळी माणसं उतरत होती. ठिपका मुंगीच्या पावलाने चालला होता आणि मी माझ्या चालीने चालत होते, चपलेचा अंगठा तुटका असूनही. विजय टॉकीजच्या अलीकडे मी त्याला गाठलं. चोर नव्हते, टोइंगची गाडी होती. वर सात-आठ दुचाकी दाटीवाटीने उभ्या, त्यात माझी हिरव्या पाटीची, तिच्या सीटवर एक पोरगा आरामात बसलेला.

‘मावशी, चालत आलात?’ तो म्हणाला. त्याला खरोखर नवल वाटलं होतं.

चूक माझीच होती, दंड भरला. मग त्या पोरांनी गाडी उतरवून दिली, आणि उतरवताना दोघांना ‘हय्या’ करावं लागलं, तेव्हा एकाने विचारलं, ‘हिच्यात काय भरलंय?’ फोनवर एकामागून एक निरोप येत होते : गाडीचा, दंडाचा, बँकेचा. मुलगी अजून लाइनवर होती. इतक्या वेळ आम्ही दोघी कशाबद्दलही सलग बोललो नव्हतो, निदान गेल्या वर्षभरात तरी. ब्लाउज परत द्यायला मी उलटी चालत गेले, कारण लक्ष्मी रोड एकदिशा आहे आणि स्कूटरवरून गेले असते तर जास्त वेळ लागला असता. ती तिथेच, एका दुकानदाराच्या परवानगीने, दुकानासमोर ठेवली. तारीख मात्र त्याला विचारून घेतली.

मैत्रिणीची केमो संपली. आता ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटते, त्यामुळे मंगळवारी मी परत स्कूटरने जाते, तिच्या घरी. मुलीला ठिपका दिसत असणार. ती विचारत नाही.

इमारतीत आता विजेच्या तीन स्कूटर आहेत. त्यातली एक पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलाची. पत्र्याच्या पडवीखाली चार्जिंगच्या पाळ्या लागतात आणि पाळ्यांवरून जे व्हायचं ते होतं. मी मुद्दाम त्यात पडत नाही. एप्रिल लागला, ऊन चढलं, की कधीतरी रात्री कोणाच्या तरी चार्जरवरचा लाल दिवा परत लुकलुकतो, म्हणजे खड्डा सुकत चालला. हे काकांना कसं कळतं कोण जाणे, त्यांच्याकडे तर सायकलही नाही. पहाटे सहाला बादलीचा आवाज येतो. ते अर्धी भरलेली बादली दोन हातांनी धरून, दर तीन पावलांवर टेकवत, पारिजातकापाशी येतात, काठीने झाकण सरकवतात आणि नसराळ्यात पाणी ओततात. मी गॅलरीतून बघते.

‘दोन बादल्या प्यायली आज,’ ते वर बघून सांगतात.

‘उद्या मी घालते, काका,’ मी म्हणते. गेले दोन उन्हाळे मी हेच म्हणते आहे.